गोलमागची आरोळी
मी पदवीपर्यंत पोहोचलो तो शाळेतल्या पीटीच्या सरांमुळे, आणि कुठेही खुळखुळा वाजला की त्यांना लिहिलेलं एक पत्र आठवतं. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर तीनेक वर्षांनी जपानमधल्या सेंदाईत आमच्या विद्यापीठाने अंध विद्यार्थ्यांचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच उभा केला होता. चेंडूतल्या खुळखुळ्याच्या आवाजावर ते खेळत, म्हणून गोल होईपर्यंत प्रेक्षक गप्प राहत. विरुद्ध संघाच्या गोलमागून आमच्या खेळाडूंना दिशा सांगणं हे माझं काम. मोसमाचा शेवटचा सामना आला तरी आमचा एकही गोल झाला नव्हता. त्या सामन्यात आमचा कॅप्टन तिघांना चकवून सरळ माझ्या दिशेने आला. मैदानाबाहेरचा सायकलवालासुद्धा उतरून स्तब्ध उभा राहिला. आणि मी, दिशा सांगायची सोडून, गावच्या मैदानावर असल्यासारखा ओरडलो, "शाब्बास रे वाघा!" खुळखुळा त्यात बुडाला, चेंडू त्याच्या पायातून निसटला आणि आम्ही हरलो. मी कमरेत वाकून माफी मागितली. तो हसून म्हणाला, "अरे, आधी गोल तर होऊ द्यायचा! रविवारी सराव आहे, वेळेवर ये." दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "सर, एका मुलाला चेंडू ऐकू यावा म्हणून इथे शेकडो माणसं श्वास रोखून बसतात. ती शांतता मी मोडली. तरी त्यांनी मला रविवारी बोलावलंय."