आठ एकर बागायत

दाणाबाजारात गोण्या वाहणारा जोतीराम दवाखान्यात जाताना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेला, आणि तिथेच घोटाळा झाला.

गालाच्या आतली गाठ कॅन्सरची निघाली होती. खर्चाचा फॉर्म भरणाऱ्या वैदेही मॅडमनी विचारलं, "काका, गावाकडे शेती किती?"

मॅडम लेकीच्या वयाच्या. परक्या माणसापुढे काही नाही म्हणायचं कसं? जोतीराम मान ताठ करून म्हणाला, "आठ एकर बागायत. दुमजली घर."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. जोतीराम गरिबांसाठीच्या सवलतीतून बाद झाला. ऑपरेशन आणि नंतरचा रेडिएशनचा शेक धरून खर्च साडेतीन लाख.

खरं तर ती शेती, ते घर थोरल्या भावाचं. जोतीरामने आपला वाटा बारा वर्षांपूर्वी, लेकीच्या लग्नात, पैसे घेऊन भावाला लिहून दिला होता. पण हमालांच्या टोळीत साताऱ्याकडची माणसं. तिथे बिनजमिनीचा म्हणून कोण मिरवणार? तो ऊस, विहीर, नवा पंप असं सांगत राहिला. त्याची बायको पुतळा हे ऐकून पदराआड हसायची. ती वारल्यावर कोपरखैरण्याच्या खोलीत बोलायला भिंतीच उरल्या. बाजारात निदान शेत तरी होतं.

लेकीला त्याने कळवलंच नाही. तिच्या सासरचा पैसा त्याला चालणार नव्हता.

टोळीचा मुकादम भैरू रोज टोकायचा, "जोत्या, एक एकर इक की! जमीन काय वर न्यायची हाय?"

"गिऱ्हाईक बघतोय," जोतीराम म्हणायचा. गिऱ्हाईक कधी कराडचं असायचं, कधी पुण्याचं.

कुणी आजारी पडलं की टोळी आठवड्यातल्या एका दिवसाची मजुरी त्याच्यासाठी बाजूला काढायची. बागायतदारासाठी कोण काढणार?

दीड महिना गेला. भाकरी चहात भिजवूनही गिळवेना, तेव्हा तो पुन्हा मॅडमकडे गेला. "मॅडम, त्ये शेत माझं न्हाय."

मॅडम रागावल्या नाहीत. "तुमच्यासोबत काम करणाऱ्या दोघांकडून खरी परिस्थिती लिहून आणा. सह्या घ्या. आणि काका, आता उशीर नको."

दुपारी टोळी गोण्यांवर चहा पीत बसली होती. जोतीरामने उभ्यानेच सांगून टाकलं.

"विहीर?" भैरूने विचारलं.

"भावाची."

"आन् नवा पंप?"

"त्यो भावाचाबी न्हाय. त्यो म्याच बशिवला, हितं गोण्यांवर बसून."

बाकीचे फिसकन हसले. भैरू हसला नाही. "दीड महिना घालवलास, मूर्खा," म्हणत त्याने तसं कागदावर लिहून सही केली, दुसऱ्यालाही करायला लावली. "ह्या आठवड्यापासून तुजं काढू. उद्या दवाखान्यात संगं कोन हाय?"

"हाय की, भाऊ येतोय," जोतीरामच्या तोंडून निघून गेलं. भावाला त्याने आजार कळवलाही नव्हता.

भैरूला हायसं वाटलं. तेवढ्यात गव्हाची गाडी लागली आणि सगळे उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद वाचला, फॉर्मवर सवलतीचा शिक्का मारला आणि पान उलटलं. "ऑपरेशनला सोबत कोण राहणार? नाव सांगा."

भावाचं नाव जिभेवर आलं होतं. जोतीरामने ते गिळलं.

"कोन न्हाय," तो म्हणाला. "तसंच लिवा."