घरटी दोन खांदे

विमलाबाई आणि मी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. भिंत इतकी पातळ, की तिकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. ती ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. नाताळात तिच्याकडून केक येतो, वैशाख पौर्णिमेला आमच्याकडून खीर जाते, आणि मधल्या काळात वाटी कोणाची यावरून भांडण चालू असतं.

विमलाबाई सरकारी नर्स होती. बालाघाट जिल्ह्यात अडतीस वर्षं लोकांना सुया टोचून ती निवृत्त झाली. त्यामुळे कुणाला काही विचारायची सवय तिला नाही. ती सांगते. "बाही वर कर." संपलं. आज सहासष्टाव्या वर्षीही आमच्या वॉर्डात ती समोरून आली, की माणसं न बोलावता जीभ बाहेर काढून दाखवतात.

दर वर्षी डिसेंबरात तिच्या चर्चची मंडळी मिशन दौऱ्यावर जातात. उकव्याच्या खाणीच्याही पुढे, जंगलात, डोंगरावर आंबाटोला नावाची वस्ती आहे. तिथली सात घरं प्रार्थनेला जमतात. त्यांच्यासाठी गाण्याची पुस्तकं, हार्मोनियम, घोंगड्या, तांदूळ, औषधांच्या पेट्या असं सगळं बिऱ्हाड वर जातं. एक दिवस उपासना, जेवण, आणि मोहाच्या झाडाखाली विमलाबाईचा दवाखाना. दवाखान्यात सगळी वस्ती येते, आणि तिथं कोण प्रार्थनेला जातो न् कोण नाही हे ती विचारत नाही. पास्टर राजेंद्र आधी पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज देतात: कोण जाणार, कुठे, कशासाठी. आजकाल तेवढं केलेलं बरं असतं.

यंदा अडचण वेगळीच झाली. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा वाहून गेला. पूर्वी त्या फरशीवरून ट्रॅक्टर पार वरपर्यंत जायचा. आता जीप नाल्याशी थांबणार, आणि पुढचे तीन किलोमीटर चढण माणसांनी सामान वाहायचं. पास्टर म्हणाले, किमान दहा जण हवेत. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नावं आली तर ठीक, नाहीतर यंदा सामान उकव्यात कुणाकडे तरी ठेवून परत.

नावं आली चार. त्यातलं एक स्वतः विमलाबाईचं, एक हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या हेमराजचं, आणि उरलेली दोघं अशी, की त्यांनाच कुणीतरी वाहून न्यावं लागलं असतं.

विमलाबाईचा जीव त्या फेरीत अडकला होता तो गोदाबाईमुळे. गोदाबाई मूळची तुमसरकडची. नवरा उकव्याच्या खाणीत होता, त्याच्या मागे आंबाटोल्याला गेली आणि तिथलीच झाली. नवरा वारला. मुलं-सुना गोंडी बोलतात, बाहेरच्याशी हिंदी. वर मराठी बोलणारी ती एकटी. फोन तिथं लागत नाही. सत्तावीस वर्षं विमलाबाई वर्षातून एकदा जाते, तेव्हा ती बाई पोटभर मराठी बोलून घेते. फेरी चुकली की गोदाबाईचं बोलणं थेट पुढच्या वर्षावर गेलं, आणि या वयात पुढचं वर्ष कुणी पाहिलंय!

म्हणून गुरुवारी विमलाबाईनं फोन हातात घेतला आणि चर्चच्या ग्रुपसाठी निरोप बोलून लिहिला. टाइप करायला तिला वेळ नसतो. ती फोनलाही हुकूमच सोडते. मग माझ्या दारात आली.

"संध्या, माया चष्मा सापडून नाही राह्यला. हे बरोबर लिहिलं का त्यानं, पाह्य बरं."

माझी डाळ गॅसवर होती आणि खाली लागायच्या बेतात होती. मी फोनकडे बघितलं, अक्षरं दिसली. वाचली मात्र नाहीत. "हौ, बरोबर आहे," म्हटलं. निरोप गेला. जे पुढे झालं त्याचं अर्धं पाप माझं.

रविवारी दुपारी उपासना सुटल्यावर आमच्या दाराशी ऑटो थांबला. पुढे विमलाबाई, मागे कांदे. पोत्यात कांदे, पिशव्यांत कांदे, आणि तिच्या मांडीवर एका रुमालात बांधलेले फक्त दोन कांदे. ती उतरली, माझ्यापुढे फोन धरला आणि म्हणाली, "वाच. आता वाच."

मी वाचलं. "जय मसीह. वरच्या फेरीसाठी कांदे कमी पडून राह्यले. घरटी दोन कांदे द्या. रविवारी उपासनेले येताना सोबत घेऊन या. लहान-मोठे कसेही चालतील, पण मजबूत पाहिजेत. मागच्या वर्षीचे असले तरी चालतील."

ती बोलली होती खांदे. फोननं ऐकले कांदे.

चर्चमध्ये म्हणे रांग लागली होती. काहींनी अगदी आज्ञेप्रमाणे मोजून दोन आणले. कटंगीच्या एका घरानं आठवडी बाजारातून अख्खं पोतं धाडलं. हेमराज पिशवी पुढे करून म्हणाला, "बाई, मागच्या वर्षीचे काहून आणू? ताजे आणले नं." गाण्याच्या चमूतली श्रुतिका, जिला मराठी समजते पण जी हिंदीतच बोलते, तिनं विचारलं, "आंटी, कांदा मतलब प्याज ही ना? मैं कन्फ्यूज थी, मजबूत प्याज कैसा होता है?" आणि पास्टर राजेंद्रांनी तर या उदार दानाबद्दल सर्वांसमोर देवाचे आभारही मानून टाकले.

मी भिंतीला धरून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. मग बघितलं तर विमलाबाई हसत नव्हती.

"तुले हासू येऊन राह्यलं," ती म्हणाली. "नावं चारच आहेत, संध्या. सहा वाजता पास्टर कागद बंद करन. तिकडं गोदा वाटेवर डोळे लावून बसली असन."

मला लाज वाटली. खरंच वाटली. म्हटलं, "थांब, मी लिहिते. बोटानं लिहिते, फोनचं काही ऐकत नाही." आणि तिच्याच फोनवरून लिहिलं: "कांदे नाहीत, खांदे. आज पाच वाजेपर्यंत विमलाबाईच्या घरी खांदा द्यायला या." वर शहाणपणा असा केला, की तोच निरोप माझ्या फोनवरून आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवरही टाकला. म्हटलं, ओझं वाहायला ख्रिस्तीच कशाला लागतात? विमलाबाई गुडघा शेकत आत पडली, तिचा फोन चार्जिंगला लागला, मी निवांत भांडी घासायला बसले.

वाचणाऱ्याच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं.

साडेचार वाजता पहिली माणसं आली. डोक्याला पांढरे दुपट्टे, हातात हार, माना खाली, चपला गल्लीतच काढलेल्या. मग आणखी आली. चर्चची, आमच्या बुद्धविहाराची, पलीकडच्या आळीतले पवार शेतकरी, कोपऱ्यावरचा सायकलवाला. माझा नवरा प्रेमलाल, जो माझ्या तापातही दुकानाचं शटर पाडत नाही, तो शटर पाडून आला. मला बघून हळूच म्हणाला, "कधी झालं वो? सकाळी तं चांगली दिसली होती." कुणीतरी शवपेटीवाल्याचा माणूसच सोबत आणला होता आणि तो उंची किती धरायची ते विचारत होता. पास्टर राजेंद्र धापा टाकत पोचले.

हेमराजनं दार वाजवलं. दार उघडलं विमलाबाईनंच. एवढ्या कांद्यांचं काहीतरी करायला हवं म्हणून ती उठून चिरायला बसली होती. हातात सुरी, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

हेमराज चाचरत म्हणाला, "बाई, तुमी तं... मंग गेलं कोण?"

विमलाबाईनं सगळ्यांवर नजर फिरवली. दुपट्टे पाहिले, हार पाहिले, पेटीवाल्याचा माणूस पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यांमागे लपता येतं का ते बघत होते. मला वाटलं आता ही हसेल. पण तिचा पारा चढला.

"कोणी नाही गेलं!" ती कडाडली. "मेल्यावर खांदा द्यायले तीस माणसं बिनबुलावता धावून येता. दुकानं बंद करून येता! अन् जित्या बाईपाशी तांदूळ न् औषध न्यायले चार नावं? गोदाबाई वर तिच्या भाषेतल्या एका माणसासाठी वर्षभर वाट पाहते. ती मेल्यावर जासान का तुमी? तवा बरी वाट सापडन तुमाले! तवा रपटा नाही आडवा येनार!"

रागानं तिचा आवाज कापत होता. मी पदरानं डोळे पुसले, आणि ते कांद्यामुळे नव्हतं.

प्रेमलालनं डोक्याचा दुपट्टा सोडला, घडी घातली, आणि म्हणाला, "बाई, मायं नाव लिहा." कोपऱ्यावरून दूध आणायला ज्याला तीनदा सांगावं लागतं, तो हा माणूस. मी बघतच राहिले. मागून श्रुतिका म्हणाली, "मेरा भी." मग सायकलवाला, मग पवारांचे दोघं. माझंही नाव मी घालून टाकलं, पापाची तेवढीच फेड. पास्टरांचा कागद भरला, पाठीमागे लिहावं लागलं. सतरा नावं, त्यातली आठ चर्चची नव्हेत. ठाण्यातल्या हवालदारानं तो अर्ज दोनदा वाचला म्हणतात.

जायच्या आदल्या दुपारी विमलाबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"मी नाल्यापासीच थांबतो, संध्या," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. "हा गुडघा चढू देत नाही. मले पहिलेच मालूम होतं. नाव नुसतं आकडा भरायले देलं होतं. तू गोदाले भेट. मराठीत बोल. हिंदी बोलशीन तं पाह्य."

मग तिनं मला काय काय बोलायचं ते सांगितलं. तुमसरच्या बाजारात वांगी कशी आहेत ते सांग. तिच्या भाच्याचं लग्न झालं, नवरी जराशी बुटकी आहे, पण ते शेवटी सांग. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घे, तिला वर मराठीत शिव्या द्यायला कुणी मिळत नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, मी कितीही बोलले तरी मी विमलाबाई थोडीच आहे? हे मी प्रेमलालला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला.

नाल्याशी जीप सकाळी पोचली. पाणी घोट्याएवढं होतं. पेट्या, पोती, घोंगड्या वाटल्या गेल्या. श्रुतिकानं हार्मोनियम डोक्यावर घेतलं. विमलाबाई एका दगडावर बसून हुकूम सोडत होती: ही पेटी उलटी धरू नको, त्यात बाटल्या आहेत, हेमराज, तू फक्त पुस्तकं घे. सगळं उचलून झालं तेव्हा ती म्हणाली, "जा आता. मी इथं सामान सांभाळतो."

"कोणतं सामान?" प्रेमलालनं विचारलं. खाली काहीच उरलं नव्हतं.

त्यानं जीपमधून प्लास्टिकची खुर्ची काढली. उकव्याहून मागून आणलेले दोन बांबू तिला आधीच बांधलेले होते. सायकलवाला आणि पवारांचे दोघं भाऊ येऊन उभे राहिले. चौघांच्या हातात एकही पोतं का नव्हतं, ते मला आत्ता कळलं.

"मी नाही बसत," विमलाबाई म्हणाली. "लोकं हासतीन. मी काय देव आहो का पालखीत बसायले?"

"बाई," प्रेमलाल म्हणाला, "अडतीस वर्सं तुमी सांगतलं अन् आमी बाही वर केली. आज आमी सांगून राह्यलो. बसा."

ती बसली. चेहरा असा केला होता, की जणू तिलाच सुई टोचत आहेत. पहिल्या वळणापर्यंत एक शब्द बोलली नाही, मग मात्र रस्ताभर डावीकडून चला, उजवीकडून चला.

वस्तीच्या तोंडाशी गोदाबाई उभी होती. नजर अधू, पण रोज त्या वाटेला येऊन उभी राहायची म्हणे. तिला दिसलं ते एवढंच, की चार माणसं कुणालातरी खांद्यावर घेऊन येत आहेत, आणि मागे माणसांची रांग आहे. ती मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. "विमले वो! अशी आली का वो तू!"

"अवो गोदे, थांब!" विमलाबाई खुर्चीतून ओरडली. "जित्ती आहो मी! गुडघा गेला फक्त!"

खुर्ची खाली टेकली. गोदाबाई उठली, जवळ आली, आणि तिनं विमलाबाईचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. कपाळ, नाक, गाल. मग तिच्या दंडावर सणसणीत चापट मारली.

"मले वाटलं गेली तू," ती म्हणाली. "आता मराठीत भांडू कोणासंगं मी?"

"भांड नं," विमलाबाई म्हणाली. "आली तं मी."

आणि त्या दोघी भांडायला लागल्या. आम्ही ओझी खाली ठेवली आणि सावलीला बसलो. घाई कुणालाच नव्हती.