शेवेची शहानिशा

पत्रकारांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवणं हे माझं काम. इंदूरजवळच्या राऊ गावात एका कॉलेजात वर्ग भरतो. येणारी मंडळी दिवसभर बातमीमागे धावून दमलेली असतात. पहिल्याच तासाला निम्मी जांभया देतात. त्यांना जागं करायला मी गावातलंच काहीतरी ताजं घेतो. मागच्या दिवाळीआधी इंदूरच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यातल्या एका शेववाल्याचा व्हिडिओ घेतला.

व्हिडिओत एक माणूस बेसन पायांनी तुडवत होता आणि खाली या शेववाल्याच्या दुकानाचं नाव होतं. अख्ख्या शहराच्या फोनवर तो फिरला होता. माझ्या वर्गाने त्याचा छडा लावला. भिंतीवरचं कॅलेंडर भलत्याच लिपीतलं होतं, भट्टी वेगळी होती, आणि तोच व्हिडिओ पूर्वी दुसऱ्याच गावाच्या नावाने फिरलेला सापडला. मंडळी दुकानात जाऊन कढईपर्यंत सगळं बघून आली. पेपरात खुलासा छापून आला. वर्गात टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या, आणि घरी जाताना त्याच्याकडूनच अर्धा किलो लवंगेची शेव घेतली.

आमच्या घरी शेवेशिवाय घास उतरत नाही. पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, भाजी नसली की शेवेचीच भाजी. पण तो पुडा आठवडा झाला तरी तसाच. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "खोटं आहे, माहीत आहे मला. तुम्हीच तर दाखवलं सगळं. पण पुडा बघितला की ते पायच दिसतात, काय करू?"

मी तिच्यावर चिडलो. तावातावाने स्वतः फोडायला बसलो. तेवढ्यात फोन आला, बोलत बोलत उठलो, आणि परत काही बसलो नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा शेववाल्याने मला दुकानात बोलावून घेतलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. दिवाळीचा माल काढायचा, की वडिलांच्या वेळचं हे दुकान बंद करून मेहुण्याकडे देवासला कामाला जायचं, हे त्याला त्याच दिवशी ठरवायचं होतं.

"मोहल्ल्यात सगळे म्हणतात, भिया, हमें तो पता है झूठ है, तुमची शेव एकदम बढिया," तो म्हणाला. "म्हणतात, पण घेत कोणीच नाही. तुमचं तर कामच सच बोलायचं, म्हणून विचारतो सर. घरी खाल्ली का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या 'हो'वर तो कढई चढवणार, दिवाळीभराचा माल काढणार, आणि तो पडून पडून खवट होणार, हे मला दिसत होतं.

"नाही खाल्ली," मी म्हणालो. "पुडा फोडलाच नाही."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं विचारलं, "वहिनींना पटलं नाही का?"

"पटलंय."

"मग?"

खोटं कसं पकडायचं ते मी इतकी वर्षं शिकवतोय. पकडलेलं खोटं माणसाच्या मनातून काढायचं कसं, ते मला माझ्याच घरात जमलं नव्हतं. त्याच्यासमोर बसून राहायची फार लाज वाटली.

तो उठला, आतल्या दाराशी गेला आणि बायकोला म्हणाला, "बेसन चाळू नकोस. रहने दे."