डोरथीबाईंची दृष्ट

न्यूझीलंडच्या लोअर हट गावातल्या आमच्या कम्युनिटी हॉलच्या दारावर दोन पाट्या आहेत. एक सिगरेट ओढू नये अशी आणि दुसरी मिरच्या जाळू नयेत अशी. दुसरी पाटी आमच्या मातोश्रींची कमाई. (शोधलंत तर माझाही वाटा सापडेल, म्हणूनच सांगून टाकतो.)

आमच्या शेजारी डोरथीबाई राहतात. वय चौऱ्याऐंशी, मूळच्या इंग्लंडच्या. सोळाव्या वर्षी चहाचा ट्रे घेऊन रंगमंचावर आल्या त्या अर्धं आयुष्य खाली उतरल्याच नाहीत. मोलकरणीपासून महाराणीपर्यंत सगळ्या भूमिका केल्या. सिनेमात मात्र दिसल्या की मरायच्या! कधी विष, कधी जिना, कधी नवरा. मग एका शूटिंगसाठी न्यूझीलंडला आल्या, इथल्या एका गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि राहिल्या. "इथे मला कोणी मारत नव्हतं," असं त्या सांगतात.

आता डॉक्टर नाहीत. मुलगी हेलन ऑकलंडला असते. तिने आईसाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. "ममाला आता आठवत नाही," हे तिचं म्हणणं. बाई भडकल्या.

"हॉल घेते आणि माझं आयुष्य तासभर बोलून दाखवते. एका शब्दाला अडखळले तर ने मला. नाही अडखळले तर हे घर मी सोडणार नाही!"

कार्यक्रमात एकाच ठिकाणी दुसरा आवाज हवा होता. पहिल्या सिनेमात बाई प्रेत होत्या. दिग्दर्शक ओरडला, "कट! शी इज डेड! लंच!" हा दिग्दर्शक कोण करणार? मी! (इथे मी कार्पेट विकतो, पण पुण्यात कॉलेजच्या एकांकिकेत काम केलंय. पडदा ओढायचं असलं म्हणून काय झालं?) महिनाभर मी बाथरूममध्ये हे वाक्य रागाने, प्रेमाने, गहिवरून म्हणत होतो. शेवटी आईने दार वाजवलं.

"अरे, मेली ना ती? मग बाहेर ये आता!"

आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं आणि डोरथीबाईंचं मराठी 'बास'पाशी. तरी दोघी रोज दुपारी चहाला बसून तासन्‌तास बोलायच्या. कशा, ते विचारू नका. प्रयोगाच्या दिवशी आईने जाहीर केलं, "एवढ्या लोकांच्या नजरा पडणार बिचारीवर. आधी दृष्ट काढायची."

"आई, तिथे स्मोक अलार्म असतो."

"मग त्याचं काहीतरी कर. नाटकवाला ना तू?"

झालं! मला पाणी चढलं. मेकअपच्या खोलीतल्या अलार्मला मी मेधाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, अंघोळीची टोपी घातली आणि कॅम्पिंगच्या शेगडीवर तवा ठेवला. आईने मीठ-मोहरी-मिरच्या बाईंवरून ओवाळून तव्यात टाकल्या. धूर झाला. आम्ही ठसक्याची वाट बघत उभे. कोणी खोकेना!

आईचा चेहरा पडला. "ठसका नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त आहे रे! टाक अजून."

मी मूठभर टाकल्या. तरी काही नाही! उलट बाहेरून प्रेक्षकांच्या खोकल्याचा आवाज यायला लागला.

"किती सर्दी आहे हो तुमच्या गावात," आई म्हणाली आणि उरलेली पुडी तव्यात रिकामी केली.

छतातली जाळी आमचा सगळा धूर ओढून हॉलमध्ये सोडत होती, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. समजावणारा गृहस्थ सहा फुटी होता आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

तर बाई रंगमंचावर गेल्या, खोकणाऱ्या लोकांना वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली. "माझ्या वडिलांना वाटायचं, नाटकात जाणारी मुलगी..." एवढ्यात हॉलमधला अलार्म कोकलला! (त्याला टोपी नव्हती.) सगळे पार्किंगमध्ये. वारा असा की उभं राहणं मुश्कील. मागोमाग आगीचा बंब.

"किया ओरा!" बंबातून उतरलेल्या हेल्मेटवाल्याने इथला नमस्कार घातला. "इथे इन्चार्ज कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मेधाने तर दोन्ही हातांनी.

ऑकलंडहून आलेली हेलन बाईंजवळ गेली. "ममा, राहू दे. चल आता."

बाईंचं घर जाणार, तेही आमच्या मिरच्यांपायी! पण बाईंनी शाल सावरली, बंबाच्या पायरीवर चढल्या आणि वाक्य तुटलं होतं त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलायला लागल्या. "...परत येत नाही." वाऱ्यावर मात करणारा आवाज! लोक डोळे पुसत हसत होते. (डोळ्यांत पाणी मिरचीचं होतं की कशाचं, देव जाणे.) एक शब्द अडखळला नाही.

मग प्रेताचा प्रसंग आला. एका अग्निशामकाचा कोट अंथरून बाई निपचित पडल्या. आता माझं वाक्य. मी पुढे झालो, छाती भरून श्वास घेतला आणि...

काहीच नाही! डोकं साफ कोरं. तोंड उघडं, हात वर. बाई हलेनात, कारण 'कट' ऐकल्याशिवाय प्रेत उठत नाही हा त्यांचा धर्म. हेल्मेटवाला त्यांची नाडी बघायला वाकला. "ममा!" हेलन किंचाळली.

तेवढ्यात गर्दीतून खणखणीत आवाज आला.

"कट! शी इज डेड! लंच!"

आमची आई! बाथरूमच्या दाराबाहेर पाठ झालेलं! बाई उठल्या, पुढचं आयुष्य शेवटपर्यंत सांगितलं, आणि टाळ्या थांबेचनात. हेलनने रडत बाईंना मिठी मारली. "तुझं घर, ममा. मी परत विषय काढणार नाही."

मग डोळे पुसत ती मेधाकडे वळली, माझ्याकडे बघून हळूच काहीतरी म्हणाली, आणि मेधा हसता हसता गाडीला टेकली.

"काय म्हणतेय गं?" आईने विचारलं.

"म्हणतेय, खोली शुक्रवारपर्यंत राखून ठेवलेली आहे. यांना हवी आहे का?"

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"जेवण देतात का, तेवढं विचारून घे."