गालावरचा चीक

नववीत माझ्या तोंडावर इतकी मुरमं होती की शेजारी जांभ्याचा चिरा ठेवला असता तर तोच गुळगुळीत दिसला असता. आईने मुलतानी माती एवढी थापली की गालावर भाताचं एक पीक सहज निघालं असतं. मुरमं तेवढी हटली नाहीत.

आंब्याच्या दिवसांत वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "तोंडाला काय झालं रे?"

"हापूस उतरवताना चीक उडाला," मी ठोकून दिलं.

ती बागायतदाराची मुलगी. हसत सुटली. "गप मेल्या! चिकाचा काळा चट्टा पडतो. ही मुरमं आहेत."

त्या संध्याकाळी मी कैरीचा देठ मोडला आणि चीक स्वतःच्या गालाला चोळला. गाल असा पेटला की त्यावर चहा उकळला असता. काळा पडलेला तो गाल घेऊन मी दोन दिवसांनी तिच्यासमोर उभा राहिलो. ती हसली नाही. पुढे वर्षभर ती माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायची.

कॉलेजात मुरमं आपोआप गेली. चट्टा राहिला. आता कोणी विचारलं तर सांगतो, "लहानपणी मुरमं फार होती हो."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटतं.