निळ्या हरणाचा अर्थ

माझ्या मुलीचं लग्न एका निळ्या हरणामुळे मोडता मोडता राहिलं.

मुग्धाने पसंत केलेला मुलगा, निखिल, कॉम्प्युटरवर कार्टून सिनेमे बनवणाऱ्या कंपनीत होता. (नातेवाइकांना आम्ही 'आयटीत आहे' एवढंच सांगितलं होतं.) त्याचा पहिला सिनेमा लागला, तेव्हा त्याचे आईवडील मांजरी गावाहून आले. आधी कोथरूडला सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा आणि मग कॉफी पिताना लग्नाची बोलणी, असं ठरलं.

निघताना बायको म्हणाली, "अहो, तिथे फक्त 'छान' म्हणायचं. बाकीची मतं घरी आल्यावर."

सिनेमा दिसायला अप्रतिम होता. हरणाच्या शिंगांवर दिवे लागत होते, बेटं आकाशात तरंगत होती, नदीचं पाणी तर ओंजळीत घ्यावं असं. फक्त काय चाललंय ते कळत नव्हतं. राणीची नदी झाली, हरीण त्या नदीत बुडून मेलं, आणि पुढच्याच प्रसंगात तेच हरीण त्याच राणीला रस्ता विचारत होतं!

मध्यंतरानंतर मी अंधारात चाचपडत जागेवर आलो, थ्रीडी चष्मा चढवला आणि शेजारी वाकून बायकोच्या कानात म्हणालो, "चित्रं झकास आहेत गं. पण गोष्ट लिहिणारा शुद्धीत होता का?"

मग चष्मा वर करून नीट पाहिलं. बायको पलीकडे मुग्धाजवळ जाऊन बसली होती. माझ्या शेजारी निखिलची आई होती.

उरलेला सिनेमा मी घाम पुसत काढला.

कॉफी आली. निखिलच्या वडिलांनी (जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न थेट) विचारलं, "कसा वाटला आपल्याला?"

"छान."

"मग ते मेलेलं हरीण परत जिवंत कसं झालं?"

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी घाबरून बोलत सुटलो. "हरीण म्हणजे मन. नदी म्हणजे काळ. बेटं म्हणजे... संसार. आणि मेला तो अहंकार."

निखिल आ वासून ऐकत होता. "काका, हे मला माहीतच नव्हतं. मी फक्त नदीचं पाणी बनवलं. गोष्ट आम्हालाही कुणी नीट सांगितली नाही."

तेवढ्यात त्याची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "तुम्ही अंधारात विचारलंत ना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं, लेकाचा सिनेमा आणि मला एकटीलाच काही कळत नाहीये."

माझाही जीव तिथेच भांड्यात पडला. दुसरी कॉफी संपेपर्यंत साखरपुडा ठरला.

निखिलच्या वडिलांचा मात्र माझ्या विद्वत्तेवर कायमचा विश्वास बसला. जावयाचा नवा सिनेमा आला, की अर्थ विचारायला त्यांचा फोन ठरलेला. परवा म्हणाले, "यातलं ते बडबडं गाढव म्हणजे नेमकं कोण हो?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला खरं उत्तर माहीत होतं.