टोकाची विहीर

फोन आला तेव्हा मी उंद्रीच्या शेतात विहिरीवर होतो. ताईसोबत काम करणाऱ्या एक बाई बोलत होत्या. ताईचं हृदय थांबलं होतं, प्रयोगशाळेतच... मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो. काही आठवडे उलटले, पण आतून अजून हो म्हणता येत नाही.

सुमेधाताई माझी थोरली बहीण. बंगळुरात मज्जातंतूंवर संशोधन करायची. दुपारी फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "लाइन आली का रे?" शेतात वीज आली की नाही, विहिरीवरची मोटार चालली की नाही, याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

एकदा सुट्टीत आली तेव्हा मी चिडवलं, "ताई, इतके वर्षं त्या तंतूत पाह्यते तरी काय तू?" ती विहिरीच्या काठावर बसली. म्हणाली, "पहिले वाटे, प्रथिनं मुख्य पेशीतच बनतात अन् तिथून लांब टोकापर्यंत जातात. पण टोकालेही थोडी थोडी बनतात. धरणाच्या भरवशावर न राह्यता आपली ही विहीर आहे ना, तसं." तेवढ्यात लाइन आली. स्टार्टरच्या खोक्यात टक्क आवाज झाला आणि ऑटो स्विचनं मोटार आपोआप सुरू केली. ताई खुशीत हसली. "हे पाह्य. तंतूतून विजेचे ठोके गेले, की तिथलं काम असंच वाढते. कसं वाढते, तेच शोधून राह्यली मी."

"अन् तंतू पेशीपासून तुटला तर?"

"टोक काही वेळ जगते. तिथं जे बनते त्याच्यावर."

काम आटोपलं की शेतातच येऊन राहीन, असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायची. मला राग यायचा. तरी यंदा मी विहिरीजवळ तिच्यासाठी खोली बांधली. "खिडकी विहिरीकडंच ठेवजो," एवढंच तिचं मागणं. फरशी बसली त्याचा फोटो तिनं पाहिला... खोली पाहिलीच नाही. तिची फार, फार आठवण येते.

काल दुपारी त्या खिडकीत बसलो होतो. खोक्यात टक्क झालं, मोटार सुरू झाली. मी सवयीनं खिशातून फोन काढला. तो वाजला नाही. "आली, ताई," मी मोठ्यानं म्हणालो, आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचेस्तोवर तिथंच बसलो. काही वेळ म्हणजे किती, हे तिला विचारायचं राहून गेलं.